अकरावा गडी

मागणी आणि पुरवठ्याचा सिद्धांत कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवला, तेव्हा वर्गात तो एकट्या मला पहिल्या झटक्यात कळला. प्राध्यापकांना वाटले, पोरगा हुशार आहे. त्यांना काय माहीत, की हा सिद्धांत मी आठवी ते दहावी, तीन वर्षे, गुडघे फोडून घेत शिकलो होतो! मागणी : ११ खेळाडू. पुरवठा : ११ खेळाडू. शिल्लक : निरंक.

आमचे हायस्कूल कोल्हापूरच्या एका पेठेत, जुन्या वाड्यात भरायचे. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. त्यातल्या मुली वजा करा, जाड भिंगाचे चष्मे वजा करा, ‘आई ओरडते’ म्हणणारे वजा करा. खाली जी बाकी उरते, तिला आमच्याकडे ‘शाळेचा संघ’ म्हणत.

आता कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचे गाव. इतर ठिकाणी तालीम म्हटले की लाल माती आणि लंगोट डोळ्यांपुढे येतात. आमच्याकडे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम म्हटले की शाहू स्टेडियम आठवते. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा आम्ही शाखेत पेढे वाटले. जणू त्याला पहिला पास आमच्या कॅश काउंटरवरूनच मिळाला होता! अशा गावात चांगला खेळणारा पोरगा मोठ्या शाळा लहानपणीच उचलतात. तिथे खेळाडूची निवड व्हायची. आमच्या शाळेत मोजणी व्हायची.

चित्रकला आणि पी.टी. या दोन्ही विषयांना आम्हाला एकच सर होते. त्यामुळे संघाची रचना ते रंगीत खडूंनी फार सुरेख काढत. फळ्यावर आम्ही कधीही हरलो नाही. माझी नेमणूकही अशीच, खडू हातात असताना झाली.

‘‘तू डावखुरा काय रे?’’

‘‘नाही सर.’’

‘‘असू दे. डावीकडं कोण नाही. लेफ्ट बॅक!’’

सराव गांधी मैदानावर. पावसाळ्यात तिथे तळे साचायचे, आणि चेंडू लाथेने मारण्याऐवजी काठावर उभे राहून तो वाहत येण्याची वाट बघावी लागे. चेंडू एकच. तो रात्रीत बसायचा, म्हणून सकाळी सायकलच्या दुकानातून हवा भरून आणायची. दुकानदार हवा फुकट देई, पण त्याबरोबर आदल्या सामन्याविषयीची मतेही फुकट देई. हवा परवडली असती.

‘बदली’ या शब्दाला मी आज चळचळा कापतो, कारण बँकेत बदली म्हणजे बिऱ्हाड ट्रकमध्ये. पण शाळेत हा शब्द आम्हाला ठाऊकच नव्हता. बदली खेळाडू आणणार कुठून? पाय मुरगळला की सर आयोडेक्सची बाटली घेऊन धावत येत, पाय चोळत आणि कानात म्हणत, ‘‘ऊठ राजा, तुझ्याजागी मी खेळू काय?’’ १९९० सालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचे दोघे बाहेर काढले आणि त्यांना नऊ जणांवर सामना संपवावा लागला. साऱ्या जगाने हळहळ केली. आम्ही कित्येक सामने नऊ जणांवर सुरू केले, कुणी हूं की चूं केले नाही.

दहावीत असताना आमच्या गोलकीपरच्या वडिलांनी अंथरूण धरले. नाव पटावर राहिले, पण दुपारची शाळा सुटली. पोरगा उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्यात लागला. आणि मोठ्या शाळेशी सामना नेमका दुपारी तीनला. सरांनी मला लुनावर मागे बसवले आणि कारखाना गाठला.

‘‘मालक, दोन तास पोरगं द्या.’’

‘‘सर, पोरगं पगारावर हाय.’’

‘‘खरं आहे. पण अकरावा गडी आहे हो आमचा.’’

मालक जरा वेळ बोलले नाहीत. मग मशिन बंद केले. ‘‘जा रे. आधी हाताचं ऑइल पूस, न्हाईतर बॉल निसटंल.’’

हात पुसायला वेळ होता कुठे! प्रतिपक्षाची पोरे कडक इस्त्रीच्या जर्सीत सुब्रतो चषकाच्या गोष्टी करत होती. १९६० पासून चाललेली ती शाळांची मोठी स्पर्धा. आमच्यात चर्चा एवढीच, की पाचच्या आत सामना संपेल ना. आम्ही तीन-शून्य हरलो. हसू नका, एरवी आम्ही सात-आठ गोल खात असू. आमच्या गड्याने इतके चेंडू अडवले, की पांढऱ्या चेंडूवर काळे पंजे उमटले. मोजले असते, तर त्याच्या कामाचे लेखी व्हाउचरच मिळाले असते. सामना संपताच तो सरांच्या लुनावर बसून परत कामावर गेला. मालकांनी त्या दिवसाचा पगार कापला नाही.

मी पुढे बँकेत चिकटलो. दोन वर्षे हेड ऑफिसात होतो. तिथे चार दिवस तापाने झोपलो, ही बातमी पाचव्या दिवशी मीच लोकांना दिली. आता चौघांच्या शाखेत आहे. रजेचा अर्ज पुढे केला की मॅनेजरसाहेबांचा चेहरा थेट आमच्या सरांसारखा होतो. फक्त आयोडेक्स तेवढे काढायचे बाकी राहते.

परवा चिरंजीवांचे नाव त्यांच्या मोठ्या शाळेच्या फुटबॉल संघात लागले. बावीस जणांची यादी, पुढे कंसात ‘राखीव’. घरात शिरा झाला. मी विचारले, ‘‘समजा, त्या दिवशी तू गेलाच नाहीस, तर काय होईल?’’

‘‘काही नाही बाबा. दुसरे आहेत की!’’ शिऱ्याचा घास घेत तो आनंदाने म्हणाला.

मला त्याचे अभिनंदन करायचे होते हो. पण तोंडातून निघून गेले, ‘‘शाळा बदलतोस का?’’