कुंदाद्रीच्या छायेतील अरण्य

दशलक्षण पर्व आटोपले, की आश्विनात हुमच्याच्या पद्मावतीमातेच्या दर्शनास जाण्याचा आमच्या घराचा जुना परिपाठ. या वेळी आईने कुंदाद्रीचाही आग्रह धरला. परंपरेने आचार्य कुंदकुंदांच्या तपाची स्मृती या डोंगराशी जोडलेली आहे. माथ्यावर भगवान पार्श्वनाथांची दगडी बसदी, लगत कातळातील पाण्याची कुंडे आणि चहूकडे ढगांत बुडालेले हिरवे रान. वंदना करून आम्ही मुक्कामास आगुंबे गाठले.

शिवमोग्गा जिल्ह्यातील घाटमाथ्यावरचे हे लहानसे गाव. 'मालगुडी डेज' मालिकेचे चित्रीकरण येथेच झाले, म्हणून पुष्कळांना ते परिचित असेल. वर्षाला ७,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे कोसळतो. आमच्या सांगलीच्या दहा पटींहून जास्त.

सकाळी गावातील एका वाटाड्यासह आम्ही रानात शिरलो. दिवस वर आला होता, पण खाली उजेड संध्याकाळचा. एक सरडा फासळ्यांवरची कातडी पंख्यासारखी पसरून या खोडावरून त्या खोडावर तरंगत गेला. मी पाहतच राहिलो. आई मात्र पावलागणिक खाली पाहत होती. वर्षायोगात मुनिमहाराज विहार का थांबवतात, हे त्या ओल्या पाचोळ्यात पाऊल ठेवताना पायालाच कळते.

थोड्या वेळाने आईच्या घोट्याला जळू लागलेली दिसली. वाटाड्याने खिशातून मिठाची पुडी काढली. आईचे माहेर बेळगावकडचे. तिने कानडीतच त्याला थांबवले. "मीठ नको रे. तिचे पोट भरले की ती आपली सुटेल." "अम्मा, रक्त फार वेळ वाहते," तो म्हणाला. ते खरेच होते. जळूच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही. जळू गळून पडली, तरी आईचे रक्त बराच वेळ थांबले नाही; तिने रुमाल दाबून धरला आणि त्या जिवाला पानावर उचलून बाजूला ठेवले.

हे रान नागराजाचे म्हणून प्रसिद्ध आहे. येथे त्याला काळिंग म्हणतात. सर्पतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली येथे संशोधन केंद्र उभारले. नागराजाची मादी पाचोळा ओढून घरटे रचते आणि अंड्यांची राखण करते. तो आम्हांला दिसला नाही. दिसावा अशी माझी फारशी इच्छाही नव्हती.

परतताना वाटाड्या एका उंच झाडापाशी थांबला. "तुमची रामपत्री," तो म्हणाला. आमचा मसाल्याचा घाऊक व्यापार आहे, हे आईने त्याला सांगितले होते. तीन पिढ्या आम्ही रामपत्रीची पोती तोलली. तिचे झाड मात्र मी प्रथमच पाहिले. फळ पिकून उकलले, की बियेवरची लाल जाळी दिसते. धनेश पक्षी ती बियेसकट गिळतो आणि बी दूर नेऊन टाकतो. मादी ढोलीत स्वतःला कोंडून पिल्ले वाढवते, तेव्हा नर अशीच फळे चोचीतून आणून तिला भरवतो. तोडणारे मात्र दुसऱ्याने आधी नेऊ नये म्हणून फळ कच्चेच काढतात. कधी फांदीच छाटतात. मग पक्ष्याला फळ राहत नाही, रानाला बी राहत नाही. वाटाड्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. तोही तरुणपणी तोडीला जात असे.

आई काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर तिने एवढेच विचारले, "आपल्याकडे येते ती कशी काढलेली असते?" मला उत्तर देता आले नाही.

पुढे नवा माल आला, तेव्हा मी दलालाला तोच प्रश्न विचारला. तो हसला. "शेठ, पोत्यावर झाडाचा पत्ता नसतो." त्या हंगामात मी रामपत्रीचा सौदा केला नाही. दोन जुनी गिऱ्हाइके शेजारच्या पेढीवर गेली; त्यांपैकी एक अद्याप परतलेले नाही.