पुन्हा परीक्षा?

“फादर, कॅट पुन्हा देऊ का?” पेणच्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने परवा विचारले. हाती नोकरीचे पत्र होते. वडिलांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरले होते. व्यवस्थापन शिक्षणाची ही प्रवेशपरीक्षा वर्षातून एकदाच होते आणि बहुपर्यायी प्रश्न चुकला की 1 गुण वजा होतो.

“गुण कशात गेले?”

“घाईत अंदाजाने उत्तरे लिहिली, फादर.”

सेमिनरीत तत्त्वज्ञानात नापास झाल्यावर मी केवळ लाजेपोटी पुन्हा बसलो, तेच टिपण घोकले आणि पुन्हा आपटलो. चूक शोधली तेव्हाच तरलो.

“बाळा, नोकरी धर,” मी म्हणालो. “चूक सापडली आहे, रोज पहाटे तिच्यावर मेहनत घे आणि नोव्हेंबरात अवश्य बस. मात्र केवळ लोकलाजेस्तव बसू नकोस.”