मधला शनिवार

उत्तम शुक्रवारी नगरच्या आमच्या मंदिरात तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावरचे सात उद्गार, एकेका उद्गारावर उपदेश आणि मधे मधे गायन. कितीतरी वर्षं त्या गायनाला पेटीची साथ माझ्या बाबांची असे. त्या वर्षी मात्र पेटीवर दुसरंच कुणी बसलं होतं. गुरुवारी पहाटे बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शुक्रवारी दुपारी मंडळी उपासनेला जमली, तेव्हा मी पुण्यात एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर उभी होते. डॉक्टर म्हणाले, "७२ तास वाट पाहू. त्याआधी काही सांगता येणार नाही."

वाट पाहणं मला ठाऊकच नव्हतं. मी फोन करत होते, रिपोर्टचे फोटो ओळखीच्या डॉक्टरांना पाठवत होते, दर अर्ध्या तासाने नर्सला तेच विचारत होते. प्रार्थनाही करत होते, पण तिलाही तीच धावपळ चिकटली होती. अर्ज अडकून पडू नये म्हणून कचेरीत खेटे घालावेत, तशी मी देवाकडे खेटे घालत होते. एकच मागणं, शब्द तेवढे दर वेळी निराळे. जरा थांबले तर बाबा हातचे जातील, अशी भीती मनात घर करून बसली होती.

शनिवारी सकाळी नगरहून पहिल्या एसटीने आमच्या मंडळीतल्या एक मावशी आल्या. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळीभाजी. चहा ओतून दिला आणि शेजारच्या बाकावर बसल्या. आता त्या एखादं वचन सांगतील, धीर धर म्हणतील, म्हणून मी मन घट्ट करून बसले. त्या काहीच बोलल्या नाहीत. माझ्या मांडीवर रिपोर्टची फाइल होती आणि ती मी मुठीत गच्च धरली होती. थोड्या वेळाने त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, फाइल काढून पिशवीत ठेवली आणि पुन्हा तशाच बसल्या. तासभर आम्ही दोघी गप्प होतो. स्ट्रेचरची चाकं वाजत होती, कुणाचं तरी मूल रडत होतं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मला माझा श्वास ऐकू आला. दुपारी निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "तू जरा नीज. प्रभू जागा आहे."

मी बाकावरच आडवी झाले आणि खरोखर झोपले.

पुढे ईयोबाचं पुस्तक वाचताना मावशी आठवल्या. ईयोबाची मुलंबाळं, गुरंढोरं, सगळं गेलं, अंगभर गळवं आली. त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि त्याचं दुःख बघून सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द कुणी काढला नाही. नंतर त्यांनी तोंडं उघडली, त्याच्या दुःखाची कारणं शोधू लागले, आणि तिथून त्यांचं चुकत गेलं. शेवटी देवाने त्यांनाच दोषी धरलं. त्या तिघांनी केलेली खरी सेवा कोणती, तर ते सात मुके दिवस.

तो शनिवार उत्तम शुक्रवार आणि ईस्टरच्या मधला होता, हे मला त्या दिवशी सुचलंही नव्हतं. आपण शुक्रवारी रडतो आणि रविवारी पहाटे पुनरुत्थानाची गाणी म्हणतो. मधल्या दिवसाविषयी शुभवर्तमानांत फार थोडं आहे. लूकने मात्र एक गोष्ट टिपून ठेवली आहे. गालीलाहून आलेल्या स्त्रियांनी कबर पाहिली, येशूचं शरीर कसं ठेवलं तेही पाहिलं, घरी जाऊन सुगंधी द्रव्यं तयार केली, आणि शब्बाथाच्या दिवशी आज्ञेप्रमाणे स्वस्थ राहिल्या. मी हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले होते. पण त्या स्त्रियांचा तो दिवस कसा गेला असेल, हे त्या बाकावर बसल्यानंतरच कळलं. रविवार येणार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना माहीत होती ती फक्त बंद कबर. तरीही त्यांनी जे करण्यासारखं होतं ते केलं, उरलेलं देवाच्या हाती सोडलं आणि थांबल्या. रविवारी पहाटे सगळ्यांच्या आधी त्याच निघाल्या.

आपल्या अडचणीच्या काळातले बहुतेक दिवस असे शनिवारचेच असतात. घाव बसून गेलेला असतो, उत्तर आलेलं नसतं. निकाल लागायचा असतो, कर्ज फिटायचं असतं, रुसून गेलेला मुलगा परतायचा असतो. या दिवसांत शांत राहायचं म्हणजे काय, ते मला आमच्या पाळकांनी सांगितलं. ४६व्या स्तोत्रात देव शांत राहायला सांगतो. तिथल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ आहे सैल सोडणं, हात खाली सोडणं. आणि हे सांगितलंय कुठे, तर डोंगर समुद्रात कोसळताहेत, राष्ट्रं खवळली आहेत, धनुष्यं मोडताहेत अशा वर्णनाच्या मधोमध. वारा पडला म्हणजे मन शांत होईल असं आपण धरून चालतो. स्तोत्रकर्ता भर वादळात मूठ उघडायला सांगतो. मावशींनी माझी बोटं सोडवली, तेव्हा त्यांनी मला तो शब्द हातानेच शिकवला होता.

पण हात सैल सोडणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नाही. पंडिता रमाबाईंचं आयुष्य डोळ्यांपुढे आणलं की हा फरक समजतो. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले, १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पती. इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. दुष्काळातल्या अनाथ मुली आणि विधवा घेऊन त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणत होत्या, तेव्हा, १९२१मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. मिशनचा भार पुढे तीच उचलणार होती. रमाबाईंनी भाषांतराचं काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ला त्यांनी देह ठेवला. मनोरमेला राखणं त्यांच्या हाती नव्हतं, समोरचं पान होतं. पहिलं त्यांनी देवाला दिलं आणि दुसरं शेवटपर्यंत केलं. अशा स्वस्थतेला मी विश्वास म्हणते.

बाबा अठराव्या दिवशी घरी आले. वाचा परत आली नाही. उजवा हातही आला नाही. मी खूप मागितलं होतं, आणि जे मागितलं ते सगळं मिळालं असं मी म्हणणार नाही. त्या शनिवारनंतर माझी प्रार्थना मात्र बदलली. आता तिच्यात शब्द थोडे असतात. संध्याकाळी दिवेलागणीला मी आणि बाबा ओसरीत बसतो, दहा मिनिटं काहीही न बोलता. मग मी पेटी पुढे ओढते. भाता मी हलवते आणि बाबा डाव्या हाताने सूर धरतात. चाल पूर्वीइतक्या वेगात येत नाही. एकेका सुरावर ते बराच वेळ थांबतात, आणि मीही थांबते.

तुमचाही शनिवार चालू असेल, तर आजच्या दिवसातली दहा मिनिटं हात उघडे ठेवून देवापुढे बसा. मागण्यांची यादी बाजूला राहू द्या, ती त्याला पाठ आहे. आणि ओळखीच्या कुणाचा शनिवार चालू असेल, तर चहा घेऊन जा, शेजारी बसा, आणि काही बोलू नका.