तड्याचे टोक
छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतून माल वाहणाऱ्या ट्रकचा भार मागच्या आसाचे पोकळ कवच, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील ‘हाउसिंग’, पेलत असते. सततच्या ताणाने त्याला तडा गेला, की आतील दातेरी चक्रांना वंगण पुरवणारे गिअर ऑइल बाहेर झिरपू लागते. वरून लावलेला लेप गळती काही काळ झाकतो, पण तडा थांबवत नाही. म्हणून तेल काढून, कवच स्वच्छ करून, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रे पाडली जातात, कारण टोकाशी एकवटलेला ताण गोल कडेवर विभागला जातो. त्यानंतरच खाच कोरून, धातू तापवून वेल्डिंग केले जाते. दोषाचे टोक सापडल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही, हीच या कामाची मोलाची शिकवण होय.