जुळ्या पोरींचं एक वर्ष आणि सरकारचा हिशोब



एरवी मी इथं डीपी जळाल्याचं, टँकर न आल्याचं आणि आपल्या रस्त्याच्या खड्ड्यांचं लिहितो. आज घरचं लिहायलोय. पण वाचल्यावर कळेल की हे निव्वळ घरचं नाही.

परवा आमच्या जुळ्या पोरींना वर्ष पूर्ण झालं. थोरली पाच वर्षांची आहे, तिच्या पाठीवर या दोघी. दोघींत अकरा मिनिटांचा फरक. म्हणून एक मधली आणि एक धाकटी. नावं ठेवलीत, पण घरात हीच चालतात.

दवाखान्यातून पहिला फोन मी माझ्या एका मित्राला केला. म्हटलं, "दोन पोरी झाल्या, तिघी बऱ्या आहेत." तिकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "बरं, होईल सगळं नीट." मुलगा झालेल्या माणसाला असं कोणी म्हणतं का? त्या दिवशी मी दहाबारा फोन केले असतील. पेढे मागणारा एकच निघाला, दुकानाशेजारचा पंक्चरवाला. बाकीच्यांनी धीर दिला. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली होती. तो आकडा वरून पडलेला नाही. तो असल्याच फोनांमधून तयार होतो.

पोरी 34 व्या आठवड्यात झाल्या. जुळ्यांचं असंच असतं, निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आत येतात. मधली 1 किलो 850 ग्रॅम, धाकटी 1 किलो 620. मधली आईपाशी राहिली. धाकटीला नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात, ज्याला सगळे एसएनसीयू म्हणतात, तिथं नेलं. तिथं सोळा दिवस. एक लेकरू वरच्या मजल्यावर, एक खालच्या, आणि पोटाला टाके असलेली बाई जिन्यावर. दर दोन-तीन तासांनी वाटीत दूध काढायचं, मी ते घेऊन वर जायचं. तिथं सिस्टर बोंडल्यानं थेंब-थेंब पाजायच्या. पाच मिली, मग आठ, मग बारा. मी आयुष्यभर हॉर्सपॉवर मोजला, मिलीलीटरची किंमत तिथं कळली.

सरकारी दवाखाना असल्यामुळं खर्चाचं ओझं आलं नाही, हे सांगितलं पाहिजे. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात बाळंतपण, सिझर, औषधं, आणि आजारी बाळाचे उपचार वर्षभरापर्यंत फुकट आहेत. येण्याजाण्याची गाडीसुद्धा. आपल्याकडं लोक बाळ आजारी पडलं की आधी व्याजानं पैसे काढतात आणि मग चौकशी करतात. आधी चौकशी करा.

नवव्या दिवशी एक सिस्टर मला म्हणाल्या, "शर्टाची बटणं काढा आणि बसा." मला वाटलं माझंच काही तपासायचंय. त्यांनी धाकटीला माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली, वरून कापड गुंडाळलं. याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबिया देशात बोगोटाच्या एका दवाखान्यात काचेच्या पेट्या कमी आणि लेकरं जास्त, म्हणून 1978-79 च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी हे सुरू केलं. आईच्या नाहीतर बापाच्या अंगाची ऊब, दुसरं काही नाही. ज्याला दीड-पावणेदोन किलोचं लेकरू आहे त्यानं हे दिवसातून जितके तास जमेल तितके करावं. बापाला जमत नाही असं कोणी म्हणालं तर माझ्याकडं पाठवा. पहिल्या दिवशी मी दीड तास हललो नाही. शिंक आली तीसुद्धा दाबली.

घरी आल्यावर खरी कसोटी. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, जळालेली कॉइल काढायची आणि नवी भरायची. म्हणजे रात्री जागायची सवय होती. पण मोटार रडत नाही. एक लेकरू दिवसातून आठ ते बारा वेळा पितं, दोघींचं मिळून वीस. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, तोवर दुसरी उठलेली. एक झोपली की दुसरी उठणार. दोघी एकदम झोपल्या की आम्हालाच झोप येईना, श्वास चालू आहे का बघत बसायचो. रात्रीची पाळी लावली होती. बारापर्यंत मी, दोनला माझी माय, पहाटे हिची पाळी. पाजायला मात्र तिन्ही वेळा हीच उठायची, त्यात पाळी बदलता येत नाही. तिसऱ्या महिन्यात एकदा ही चुलीपुढं बसल्या-बसल्या झोपली, भाकरी करपली तरी कळलं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा भाकरी थापली. नकाशा झाला, पण खाल्ली सगळ्यांनी.

एक चूक सांगतो. दोघींना रोज व्हिटॅमिन डी आणि नंतर लोहाचे थेंब द्यायचे होते. एका रात्री मी मधलीला थेंब दिले आणि अर्ध्या तासानं परत तिलाच दिले, धाकटी तशीच राहिली. दोघी सारख्या, लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात कसं ओळखणार? घाबरून आशाताईंना फोन लावला. त्यांनी डॉक्टरांना विचारून सांगितलं, एका वेळेनं काही होत नाही, पण परत असं करू नका. दुसऱ्या दिवशी मधलीच्या पायात काळा दोरा आणि धाकटीच्या पायात लाल. आणि दुकानातलं जॉबचं रजिस्टर घरी आणलं. एका पानावर दोन रकाने, दूध, शी, शू, थेंब, ताप, सगळं वेळेसकट. पाहुणे हसायचे. पण डॉक्टर विचारायचे तेव्हा माझ्याकडं उत्तर असायचं.

आता हिशोबाकडं येतो. जुळी म्हणजे एक की दोन, हे सरकार जागोजाग वेगळं मोजतं.

जन्माची नोंद दोन, फॉर्म दोन, दाखले दोन. 21 दिवसांच्या आत केली तर पैसे लागत नाहीत. आधार दोन, पाच वर्षांच्या आतल्यांचं निळं. इथं दोघी दोन आहेत.

खाजगी नोकरीवाल्या बाईला कायद्यानं 26 आठवडे पगारी रजा आहे. एक झालं तरी 26, दोन झाली तरी 26. इथं दोघी एक. आमची ही तर माझ्या दुकानाचा हिशोब ठेवते आणि शेतातही जाते, तिला रजाच नाही.

मातृ वंदना योजनेत दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर 6000 रुपये एकरकमी. दोन झाल्या म्हणून 12000 नाही. इथंही एक.

गावातला एक जण मला म्हणाला, "आता सरपंचकी विसर, तीन झाले." त्याला वाटलं कायदा आपल्या बाजूनं आहे. मी बघितलं. 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झाली तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही हे खरं. पण त्याच कलमाखाली लिहिलंय की आधी एकच मूल असेल तर पुढच्या एका बाळंतपणात कितीही मुलं झाली तरी ती मिळून एकच धरायची. म्हणजे कायद्याच्या नजरेत माझ्या पोरी दोनच, पाहुण्यांच्या नजरेत तीन. मला सरपंच व्हायचं नाही, पण त्याला कलम वाचून दाखवलं.

आणि लेक लाडकी योजना. पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांसाठी, 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींना. जन्मल्यावर 5000, पहिलीत 6000, सहावीत 7000, अकरावीत 8000 आणि अठराव्या वर्षी 75000. एकूण 1 लाख 1 हजार. दुसऱ्या बाळंतपणात जुळ्या मुली झाल्या तर दोघींनाही मिळतो. इथं दोघी दोन. पण एक अट आहे, त्यानंतर आई किंवा बापानं कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करायची.

आई किंवा बापानं. हे "किंवा बापानं" आपल्याकडं कोणी वाचत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी 37.9 टक्के बायकांनी स्वतः ऑपरेशन केलेलं होतं. नवऱ्यानं केलेलं? 0.3 टक्के.

आमच्या घरात यावरून महाभारत झालं. मायचं म्हणणं, ऑपरेशनच नको, "अजून एकदा बघा, देव एवढा निर्दयी नसतो." ही काही बोलत नव्हती. तिचं पोट एकदा फाडलेलं, अंगात रक्त नाही, रात्रीची झोप नाही. तिला परत टेबलावर झोपवायचं? चौथ्या महिन्यात मी एकटा गेलो आणि बिनटाक्याची नसबंदी करून आलो. वीस मिनिटंही लागली नाहीत. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही. मोटारी पोरानं उचलल्या. पुढं तीन महिने काळजी घ्यायची आणि तपासणी करून खात्री करायची, एवढंच. अंगातलं बळ जातं म्हणतात. गेलं नाही. पाच एचपीची मोटार आजही उचलतो.

माय आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पण रात्रीची दोनची पाळी तिनं एकदाही चुकवली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "त्या धाकटीला सर्दी व्हायलीय, टोपडं घाल." एवढ्यात मिटलं.

उन्हाळ्याचं तुम्हाला माहितीच आहे. बोअर फेब्रुवारीतच आटला. दोन लेकरांचे दिवसाला तीसेक लंगोट, आणि टँकर येईल तेव्हा खरं. धुतलेलं पाणी मोसंबीच्या दोन झाडांना घातलं, ती दोन जगली. घरात नवं लेकरू असलं की पाणी किती जास्त लागतं हे टँकरच्या खेपा ठरवताना कोणी विचारात घेत नाही. माणशी इतकं पाणी म्हणतात, त्यात तीन किलोचं माणूस धरलेलंच नसतं.

अजून एक, हे जुळ्यांच्या आणि लवकर झालेल्या लेकरांच्या आईबापांनी नीट वाचा. वजनाच्या तक्त्यात पोरी कितीतरी दिवस खालच्या पट्ट्यातच दिसायच्या. ही दर महिन्याला वजन करून रडत घरी यायची, आपलंच दूध कमी पडतंय म्हणून. मग बालरोगतज्ज्ञांनी समजावलं. सहा आठवडे आधी आलेल्या लेकराचं वय मोजताना सहा आठवडे वजा करायचे आणि मग वजन, बसणं, रांगणं बघायचं. लस मात्र जन्मतारखेप्रमाणंच, त्यात वजाबाकी नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्याला आणि मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. ही एक वजाबाकी आम्हाला पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती तर हिचे सहा महिने सुखाचे गेले असते. अंगणवाडीत सांगा, "लेकरू इतके आठवडे आधी झालंय." कार्डावर लिहून घ्या. आणि दोन लेकरांची दोन कार्डं मागून घ्या, एकाच कार्डावर दोघींच्या लसी लिहिल्या की गोंधळ ठरलेला.

जगात दर 42 लेकरांमागे एक लेकरू जुळ्यातलं असतं, वर्षाला सोळा लाख जोड्या जन्मतात. म्हणजे तुमच्या गावात, तुमच्या भावकीत कुठंतरी हे घर असणारच. त्या घरी जाताना झबलं-टोपडं नेऊ नका, ढीग पडलेला असतो. भाजी-भाकरीचा डबा न्या. एक हंडा पाणी भरून द्या. तास-दोन तास एक लेकरू सांभाळा आणि त्या बाईला म्हणा, झोप जरा. आमच्याकडं पंक्चरवाल्याची बायको पाच महिने रोज अकरा वाजता येऊन धाकटीला घेऊन बसली. तिचं आमचं नातं काहीच नाही. आता आहे.

परवा वाढदिवस झाला. केक आणला नाही, शिरा केला. धाकटी 7 किलो 900, मधली 8 किलो 300. मधली भिंतीला धरून उभी राहती, धाकटी तिला खाली ओढती. ऐन ओवाळायच्या वेळी लाईट गेली. माय म्हणाली, बरंच झालं, निरांजन चांगलं दिसतंय. थोरलीनं दोघींना ओवाळलं आणि मला विचारलं, "पप्पा, आपण किती बहिणी?"

म्हटलं, तीन. कोणी काही म्हणालं तरी तीन, आणि ताठ मानेनं सांगायचं.

डीपीचं उद्या लिहितो.