भूक आणि खाखा

ताटावरून उठून दहा मिनिटांत कोणी फडताळ उघडलं की आजी विचारायची, "भूक लागलीय की नुसती खाखा सुटलीय?" बेचाळिसाव्या वर्षी, ९४ किलोंचा ऐवज घेऊन पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढू लागलो, तेव्हा तिचा तो प्रश्न आठवला.

पहिल्या आठवड्यात खाली उतरलो की मिसळ ठरलेली. दमछाक होईल इतक्या झपाट्याने चढायला लागल्यावर मात्र उलटंच झालं. घरी येऊन तासभर पोह्यांकडे बघवेना! मेंदूला भुकेची वर्दी देणारं, जठरातलं घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधलं. जोरकस व्यायामानंतर ते काही काळ उतरतं आणि पोट भरल्याची खूण देणारी आतड्यातली संप्रेरकं वाढतात. हे सगळं तास-दोन तासांपुरतं. दुपारी भूक आपल्या वेळेवर हजर.

पश्चिम बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतल्या कामगारांचा पोषणशास्त्रज्ञ जाँ मेयर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५६ साली प्रसिद्ध झाला. हलकं काम करणाऱ्यांपेक्षा बैठं काम करणाऱ्यांचं खाणं जास्त निघालं आणि वजनही. मीही बैठा कारकून, त्यामुळे हे वाचून जरा चपापलो.

खाखा सुटायची ती संध्याकाळी पाचला, ऑफिसात. मार्चअखेर, ताळेबंद, वरून फोन, आणि हात ड्रॉवरमधल्या फरसाणाकडे. तेव्हा पोट भरलेलंच असायचं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक पहाटे चढतं आणि रात्री उतरतं, ही त्याची रीत. ताण रोजचाच झाला की ही रीत बिघडू शकते, गोड-तेलकटाची ओढ वाढते आणि चरबी पोटाभोवती साठण्याला हातभार लागतो. पायऱ्या चढतानाही कॉर्टिसॉल वाढतंच, पण ते कामापुरतं वाढून खाली येतं. फोनमुळे वाढलेल्याला उतरायला जिनाच सापडत नाही, असं आपलं मला वाटतं.

आठ महिन्यांत वजन उतरलं फक्त तीन किलो. वजन घटलं की शरीर घ्रेलिन वाढवून ते परत मागतं, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करायची? झोप मात्र सुधारली. पाच वाजतात, फोन येतो, मी चिडतो. हात ड्रॉवरकडे जातोच असं नाही.

परवा शिपायाने ड्रॉवर आवरताना पुडा बाहेर काढला. फरसाण सादळलं होतं.

"साहेब, टाकून देऊ?"

"असू दे," म्हणालो. मार्च अजून यायचाय.