लोणा

आमच्या गोठ्यातली कपिला भिंत चाटायची. पुढ्यात वैरण असली तरी मान वळवून विटांवरचा पांढरा थर खरवडत बसायची. "लोणा आलाय, मिठाला सोकावलीय," आजोबा म्हणायचे. घोडनदीच्या खोऱ्यात, डिंभ्याच्या वरच्या अंगाला आषाढात अंथरूणसुद्धा दमट लागतं. तिथे भिंतीची ओल कुणाला खटकणार? आजी गोठ्यात धुरी करायची, उन्हाळ्यात चुना मारून घ्यायची. संपलं.

शाळेसाठी मंचरला आलो तेव्हा कोरड्या भिंतींची सवय झाली. जुन्नरला मामाच्या वाड्याचं जोतं कमरेइतकं, काळ्या दगडाचं. हा दगड पाणी फारसं पीत नाही. वीट पिते, सांध्यांतली माती पिते, आणि ओल त्या वाटेने वर सरकते.

गुरं गेली, तेव्हा गोठ्याच्या दोन खोल्या करायला काढल्या. कंत्राटदाराने सिमेंटचा जाड गिलावा केला, वॉटरप्रूफिंगचं रसायन फासलं, वर ऑइलपेंट. पुढच्या श्रावणात गुडघ्याएवढी ओल छातीपर्यंत आली, रंगाचे पोपडे पडू लागले. बाहेर सुटायला जागा नाही म्हटल्यावर पाणी वर चढणारच. त्यात भिंत गोठ्याची. वर्षानुवर्षं मुरलेल्या गोमूत्रातल्या नत्राचे क्षार होतात. तोफांच्या दारूत लागायचा तो सोरा याच जातीचा. हे क्षार हवेतलं बाष्पही ओढतात. त्यामुळे पायाखालची जमीन कोरडी असली तरी पावसाळी हवेत अशा भिंतीला घाम फुटतो.

नव्या बांधकामात जोत्यावर चार सेंटिमीटर काँक्रीटचा ओलरोधक थर घालतात. उभ्या भिंतीखाली तो सरकवायचा म्हणजे भिंत टप्प्याटप्प्याने कापत जायची. गावच्या म्हाताऱ्या गवंड्याने तो विषयच काढला नाही. तो आधी घरामागे गेला आणि पागोळ्या कुठे पडतात ते बघत उभा राहिला. मागे उकिरडा साचून साचून जमीन आतल्या फरशीच्या वीतभर वर आली होती.

मग माती काढली, उतार दिला, दगडी गटार केलं, पत्र्याला पन्हळ लावली. सिमेंट उतरवलं. लोणा कोरड्या ब्रशने झाडून बाहेर नेऊन टाकला. पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा विटेतच मुरतो. उन्हाळाभर भिंती उघड्या ठेवल्या. गिलाव्याला भिजवलेली चुनकळी, वाळू, गूळ आणि हिरड्याचं पाणी. हिरडा आमच्याच डोंगरातला. पश्चिम आंबेगाव-जुन्नरचे महादेव कोळी तो वेचून, वाळवून विकतात. जातो बहुतेक औषधवाल्यांकडे, भिंतीसाठी मागणारं गिऱ्हाईक आता विरळाच.

ओल अजूनही येते, पण घोट्यापर्यंत, आणि दिवाळीच्या आत सुकते. खालचा चुना अधूनमधून नव्याने लावावा लागतो, तेवढं मी मान्य केलंय. तुमच्याही जुन्या विटेच्या घराला ओल धरली असेल तर रसायनाचा डबा आणण्याआधी एकदा घरामागे जाऊन या, आणि बाहेरची माती फरशीच्या वर आलीय का ते बघा.